एका खड्ड्याला ज्यूल किती?

मृग नक्षत्र लागायला महिना उरला की आमच्या रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांतून सकाळ-संध्याकाळ एकच आवाज ऐकू येऊ लागतो. तो असतो पहारीचा. पावसाळ्याच्या तोंडावर आंबा-काजूची कलमे लावायची, तर खड्डे उन्हाळ्यातच काढून ठेवावे लागतात. काजूच्या कलमाचा खड्डा लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही बाजूंनी ६० सेंटिमीटरचा असावा, असे शेतीशास्त्र सांगते. दोन कलमांमध्ये ७ मीटर अंतर ठेवले, तर एका हेक्टरात सुमारे २०० खड्डे होतात.

पावसजवळच्या सड्यावर आमच्या थोरल्या चुलतभावाची जमीन आहे. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. गेल्या मे महिन्यात एका रविवारी दादा घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "अरे, तू कॉलेजात फिजिक्स शिकवतोस ना? मग या वेळी तरी नीट हिशेब करून सांग. बॅटरीवरचे गिरमिट घेऊ, की गडी शोधू? दोनशे कलमांचे पैसे भरून आलोय."

"या वेळी तरी" हे तीन शब्द मला चांगलेच झोंबले. त्याला कारण होते. त्याच्या आदल्या वर्षी दादांनी माझ्याच सल्ल्याने बॅटरीवर चालणारे, माती पोखरणारे एक यंत्र घेतले होते. मी फक्त डब्यावरचे आकडे पाहिले होते. एका यंत्रावर १८ व्होल्ट लिहिले होते, दुसऱ्यावर २१ व्होल्ट. २१ म्हणजे जास्त जोर, असे म्हणून मी दुसऱ्यावर बोट ठेवले. त्याला २० सेंटिमीटर व्यासाचे मोठे पाते लावून दादा सड्यावर गेले. तिसऱ्याच खड्ड्यात पाते जांभ्याच्या दगडाला अडकले. दादांनी बटण दाबून धरले. यंत्र फिरेना, फक्त गुरगुरत राहिले. थोड्याच वेळात जळका वास आला आणि मोटारीची गुंडाळी कायमची गेली. कलमे पिशव्यांतच राहिली, पाऊस आला आणि त्यांतली बरीचशी वाया गेली.

विद्यार्थी मित्रहो, चूक यंत्राची नव्हती, माझी होती. मी वस्तू निवडली होती, पण काम मोजले नव्हते. या वेळी आम्ही ते कसे मोजले, तेच आज सांगतो.

गुंडाळलेली उतरण

आधी हे यंत्र काय करते ते पाहू. सुताराचे गिरमिट तुम्ही पाहिलेच असेल. तेच मोठे करून त्याच्या दांड्याभोवती पोलादी पट्टीचे रुंद आटे गुंडाळले की मातीचे गिरमिट तयार होते. टोकाशी कापणारे दात असतात. दात माती कापतात आणि आटे ती वर आणून टाकतात.

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीभोवती वळत वर चढताना दिसेल. स्क्रू म्हणजे अशी गुंडाळलेली उतरणच होय. घाटातला रस्ता डोंगराला वळसे घेत चढतो, म्हणून गाडीला एकदम उभी चढण लागत नाही. गिरमिटातली माती असाच घाट चढून वर येते.

मग बॅटरीतली ऊर्जा ही माती वर उचलण्यातच खर्च होत असेल का? आम्हालाही प्रथम तसेच वाटले. म्हणून आम्ही शेजारच्या बागायतदाराचे चालू स्थितीतले यंत्र उसने आणले आणि घरामागच्या आगरातच प्रयोग केला.

आगरातला प्रयोग

यंत्राचे पाते १० सेंटिमीटर व्यासाचे होते. बॅटरी १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तास अशी होती. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की बॅटरीत किती ऊर्जा साठते ते कळते : १८ × ४ = ७२ वॉट-तास. एक वॉट-तास म्हणजे ३६०० ज्यूल. म्हणजे पूर्ण भारलेल्या बॅटरीत सुमारे २ लाख ५९ हजार ज्यूल ऊर्जा झाली.

आगरातली माती ओलसर आणि भुसभुशीत होती. प्रत्येकी ३० सेंटिमीटर खोल अशी भोके आम्ही पाडत गेलो. माझा मुलगा वहीत रेघा मारत होता. छत्तिसावे भोक झाले आणि यंत्र थांबले. ७२ भागिले ३६, म्हणजे एका भोकाला २ वॉट-तास. ज्यूलमध्ये सांगायचे तर ७२००.

आता उचलण्याचा हिशेब करू. अशा एका भोकातून सुमारे २.४ लिटर माती निघते. तिचे वजन पावणेचार किलोग्रॅमच्या आसपास भरते. वरची माती थोडीच उचलावी लागते आणि तळची ३० सेंटिमीटर, म्हणून सरासरी उंची १५ सेंटिमीटर धरू. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला तर उत्तर येते साडेपाच ज्यूल!

खर्च ७२०० ज्यूल आणि उचलण्याचे काम साडेपाच ज्यूल. नुसती माती उचलायची असती, तर त्याच बॅटरीने चाळीस हजारांहून अधिक भोके व्हायला हवी होती. मग बाकीची ऊर्जा गेली कुठे? भोक पाडून झाल्यावर आम्ही पात्याला हात लावून पाहिला. ते चांगलेच कोमट झाले होते. मोटारही तापली होती. थोडक्यात, मातीचे कण एकमेकांपासून सोडवणे, आटे आणि माती यांचे घर्षण आणि मोटारीतली उष्णता हाच खरा खर्च आहे. उचलणे हे नाममात्र.

या एका निष्कर्षावर पुढचे सगळे अवलंबून आहे. खर्च कापण्यात आणि घासण्यात होत असेल, तर मोठी बॅटरी घेण्याआधी दाताला धार आहे का आणि माती ओली आहे का, हे पाहिले पाहिजे.

मासळीसाठी बर्फाला भोक

मिरकरवाडा बंदरात मासळी उतरली की तिच्यावर लगेच बर्फ पडतो. फिनलंड किंवा कॅनडासारख्या देशांत हिवाळ्यात प्रकार उलटा असतो. तिथे तळ्यांवर बर्फाचा जाड थर जमतो आणि मासळी त्याच्या खाली, पाण्यात असते. गळ टाकायचा तर आधी बर्फाला भोक पाडावे लागते. त्यासाठी तिथले लोक आपल्यासारखेच गिरमिट वापरतात आणि आता तेही बॅटरीवर चालते.

समजा, तिथे ६० सेंटिमीटर जाडीच्या बर्फात २० सेंटिमीटर व्यासाचे भोक पाडायचे आहे. बर्फच तो, तापवून वितळवला तर? भोकातला बर्फ सुमारे १७ किलोग्रॅम भरतो. एक किलोग्रॅम बर्फ ० अंश सेल्सिअसला वितळवायला ३ लाख ३४ हजार ज्यूल लागतात. म्हणजे एका भोकाला जवळजवळ ५८ लाख ज्यूल. आपल्या बॅटरीसारख्या २२ बॅटऱ्या एका भोकात संपतील. गिरमिटाने मात्र एकाच बॅटरीवर अशी अनेक भोके पडतात.

एवढा फरक का? वितळवताना बर्फातला प्रत्येक रेणू त्याच्या जागेवरून सोडवावा लागतो. कापताना फक्त चकत्यांच्या कडांवरचे बंध तोडावे लागतात. चकतीच्या पोटातला बर्फ जसाच्या तसा बाहेर येतो. म्हणून चकत्या जितक्या मोठ्या, तितका खर्च कमी. भुगा जितका बारीक, तितका खर्च जास्त.

हाच नियम सड्यावरही लागू पडतो. बोथट दात जांभ्याचे पीठ करतात, धारदार दात ढेकळे काढतात. आमचा गडी पहारीने एकेक मोठे ढेकूळ उचकटून काढतो, त्याचे पीठ करीत बसत नाही. शाळेत न जाता तो हे पदार्थविज्ञान शिकला आहे.

मात्र बर्फाचे पाते सड्यावर चालणार नाही. बर्फाच्या गिरमिटाला सुताराच्या रंध्यासारखी सपाट, वस्तऱ्याच्या धारेची पाती असतात. पहिल्याच दगडाला त्यांची धार जाईल. मातीच्या गिरमिटाला मध्ये अणकुचीदार टोक आणि बाजूंना जाड दात असतात.

बॅटरीची तक्रारही दोन्हीकडे वेगळी असते. कडक थंडीत बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात आणि तिचा अंतर्गत रोध वाढतो. म्हणून तिकडचे मासेमार बॅटरी कोटाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवतात. आपल्याकडे शत्रू ऊन आहे. मे महिन्यातल्या दुपारी तापलेली बॅटरी तशीच चार्जरला लावली, तर तिचे आयुष्य घटते. ती आधी मांगरात सावलीला ठेवून निवू द्यावी.

अठरा की एकवीस?

आता माझ्या जुन्या चुकीकडे येऊ. या यंत्रांत लिथियम-आयन घट असतात. असे घट बाजारात प्रथम १९९१ साली आले. ज्या तीन शास्त्रज्ञांच्या संशोधनातून ते घडले, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा एका घटाचे सर्वसाधारण विभवांतर ३.६ व्होल्ट असते. नुकताच पूर्ण भारलेला असेल तर ते ४.२ व्होल्ट भरते. आता पाच घट एकापुढे एक, म्हणजे एकसरीत जोडा. सर्वसाधारण मूल्य धरले तर ५ × ३.६ = १८ व्होल्ट. पूर्ण भारलेले मूल्य धरले तर ५ × ४.२ = २१ व्होल्ट. म्हणजे "१८" आणि "२१" ही एकाच बॅटरीची दोन नावे असू शकतात! मी जास्त जोर समजून जे निवडले, तो फक्त मोजण्याच्या वेळेतला फरक होता.

म्हणून बॅटरी घेताना वॉट-तास विचारावेत. ते लिहिलेले नसतील, तर घट किती आणि अँपिअर-तास किती हे विचारून आपण गुणाकार करावा.

व्यास दुप्पट, पीळ चौपट

ऊर्जा पुरेशी असली तरी यंत्र अडकू शकते. दार उघडताना आपण बिजागरीपासून लांब हात लावतो. बल आणि अक्षापासूनचे अंतर यांच्या गुणाकाराला पाठ्यपुस्तकात बल-आघूर्ण म्हणतात. कारखान्यात त्यालाच टॉर्क म्हणतात. आपण सोयीसाठी पीळ म्हणू.

पात्याची त्रिज्या दुप्पट केली की कापणारी कड दुप्पट लांब होते, म्हणून मातीचा विरोध दुप्पट होतो. शिवाय हा विरोध अक्षापासून दुप्पट अंतरावर होतो. दोन्ही मिळून लागणारा पीळ चौपट झाला. १० ऐवजी २० सेंटिमीटरचे पाते लावून आम्ही बिचाऱ्या मोटारीकडून चौपट पीळ मागत होतो.

मोटार अडकते तेव्हा आत काय होते? फिरणारी मोटार स्वतःच एक उलट विभवांतर निर्माण करते आणि ते विद्युतधारेला आवर घालते. मोटार थांबली की हा आवर नाहीसा होतो. धारा एकदम वाढते. धारा तिप्पट झाली तर गुंडाळीत निर्माण होणारी उष्णता नऊपट होते. दादांनी बटण दाबून धरले तेव्हा नेमके हेच झाले. कार्बनचे ब्रश नसलेल्या, म्हणजे ब्रशलेस मोटारींच्या यंत्रांत धारा इलेक्ट्रॉनिक मंडलातून जाते. चांगल्या यंत्रात हे मंडल अशा वेळी धारा तोडते.

आणखी एक हिशेब. एखादे यंत्र ६० न्यूटन-मीटर पीळ देत मिनिटाला १०० फेरे घेत असेल, तर त्याची शक्ती सुमारे ६३० वॉट होते. १८ व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी ३५ अँपिअर धारा जाते. घरातला मिक्सर दोन-तीन अँपिअरवर चालतो, हे लक्षात घ्या. ४ अँपिअर-तासाची बॅटरी या दराने जेमतेम सात मिनिटे पुरेल. सतत पूर्ण पिळावर चालवण्यासाठी हे यंत्र नाही.

पिळाचा संबंध आपल्या मनगटाशीही आहे. न्यूटनचा तिसरा नियम आठवा. पाते दगडाला अडकले की तोच ६० न्यूटन-मीटरचा पीळ यंत्र धरणाऱ्याला उलट दिशेने फिरवतो. मूठ अक्षापासून १५ सेंटिमीटरवर असेल आणि सारा भार एका हातावर आला, तर हाताला ४०० न्यूटनचा, म्हणजे सुमारे ४० किलोग्रॅम वजनाइतका झटका बसेल. दोन मुठी अक्षापासून ३०-३० सेंटिमीटरवर असतील, तर प्रत्येक हाताला फक्त १०० न्यूटन सोसावे लागतील. तेव्हा लांब, दोन मुठींचे हँडल ही चैन नाही. त्याशिवाय यंत्र घेऊच नये.

दोनशे खड्ड्यांचा ताळेबंद

मग मी आणि दादा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आगरात एका लिटर मातीला सुमारे ३००० ज्यूल लागले होते. ६० सेंटिमीटरचा चौकोनी खड्डा म्हणजे २१६ लिटर. तो सगळा गिरमिटाने कापायचा तर १८० वॉट-तास, म्हणजे अडीच बॅटऱ्या. दोनशे खड्ड्यांना पाचशे वेळा बॅटरी भारावी लागेल! तीही आगरातल्या मऊ मातीच्या हिशेबाने.

दादा म्हणाले, "म्हणजे यंत्र बाद."

"थांबा," मी म्हणालो, "एकूण ऊर्जा किती झाली? ३६ हजार वॉट-तास. म्हणजे वीजमंडळाच्या भाषेत ३६ युनिट. ऊर्जा महाग नाही. ती हातात घेऊन सड्यावर जाणे महाग आहे."

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. लहान इंजिन तिच्यातला साधारण सहावा हिस्साच पात्यापर्यंत पोचवते, तरीही ती आपल्या वीस बॅटऱ्यांच्या बरोबरीची होते. मात्र त्याबरोबर धूर, कानठळ्या आणि हाताला येणाऱ्या मुंग्या हेही घ्यावे लागते. आणि माणूस? अंगमेहनतीचे काम करणारा गडी दिवसभर सुमारे ७५ वॉट शक्तीने काम करू शकतो. आठ तासांचे ६०० वॉट-तास झाले, म्हणजे आठ बॅटऱ्या. शिवाय तो ढेकळे काढतो, पीठ नाही.

या शेवटच्या वाक्याने आम्हाला वाट दाखवली. पूर्ण खड्डा गिरमिटाने कापायचाच नाही. खड्ड्याच्या चार कोपऱ्यांजवळ १० सेंटिमीटर व्यासाची, ६० सेंटिमीटर खोल चार भोके पाडायची. मधली माती मग पहारीने भोकांच्या दिशेने ढकलली की ढेकळे सुटतात. हिशेब केला : चार भोकांना १६ वॉट-तास. एका बॅटरीत चार खड्डे सहज बसतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहार घेऊन सगळी जमीन ठोकून आलो. १२० जागी निदान दोन फूट माती होती. ८० जागी वीतभर मातीखाली कातळ लागला. जांभ्याला इंग्रजीत लॅटराइट म्हणतात. १८०७ साली फ्रान्सिस ब्युकानन याने मलबारातला हा दगड पाहून विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून ते नाव दिले, कारण तिथले लोक तो विटांसारखा कापून घरे बांधत. आपले चिरे तेच. पण उघड्यावर राहून तो कठीण होत जातो आणि सड्यावरचा कातळ तर कित्येक वर्षे ऊन खाऊन बसलेला असतो. तिथे हातातले कोणतेच गिरमिट चालणार नाही. पूर्वी अशा कातळात सुरुंग लावून खड्डे काढीत. दादांनी त्या ८० जागांसाठी तासाच्या भाड्याने खोदाईचे मोठे यंत्र आणले.

उरलेल्या १२० जागांसाठी ब्रशलेस मोटारीचे, कमी वेगाचा गिअर आणि दोन मुठींचे हँडल असलेले यंत्र आणि दोन बॅटऱ्या घेतल्या. आदल्या संध्याकाळी जागांवर एकेक कळशी पाणी ओतले जाई. सकाळी दादा भोके पाडत, मागून दोन गडी पहार-फावड्याने खड्डा पुरा करीत. अकरा जागी तरीही दगड लागला. पण या वेळी यंत्र अडकले की दादा बटण सोडून देत. सहाव्या दिवशी काम संपले.

एक सूचना मात्र गड्याची होती. गिरमिट ओल्या मातीत फिरले की भोकाची भिंत गुळगुळीत, लिंपल्यासारखी होते. कोवळ्या मुळांना ती भेदता येत नाही. म्हणून जिथे भोकाचा भाग खड्ड्याच्या कडेला राहिला होता, तिथे त्याने ती भिंत पहारीने खरवडून काढली. माझ्या हिशेबात हे नव्हते.

मृगाची पहिली सर आली तेव्हा दोनशेच्या दोनशे कलमे जमिनीत होती. दादांचा फोन आला. म्हणाले, "या वेळी पास झालास."

हे करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेत पीळ मोजणे अवघड नाही. एका जाड खिळ्याला किंवा लोखंडी सळईला वर आडवी लाकडी पट्टी घट्ट बांधून टी आकार करा. सळईच्या टोकाला पत्र्याचे लहान पाते बसवा. कुंडीतल्या मातीत ते रोवून पट्टीचे टोक स्प्रिंगच्या काट्याने ओढा. पाते फिरू लागते त्या क्षणी काट्यावरचे बल वाचा आणि त्याला अक्षापासूनच्या अंतराने गुणा. कोरडी माती, ओली माती आणि खडेमिश्रित माती यांसाठी तीन कोष्टके करा. मग पाते दुप्पट रुंद करा आणि पीळ खरोखरच चौपट होतो का ते पाहा. उत्तर बरोबर चौपट आले नाही, तर का आले नाही याचा विचार करा. मातीत सारखेपणा नसतो आणि सळईचेही घर्षण असते.

घरी कुणी पंप, मिक्सर किंवा गवत कापण्याचे यंत्र घ्यायला निघाले, तर दुकानात जाण्याआधी वहीचे एक पान त्यांना मागा. काम किती, त्याला ज्यूल किती, हे आधी त्या पानावर लिहा. डब्यावरचा आकडा त्यानंतर वाचा.